मटणाची सुरी

माझ्या सासरी, धुळ्याजवळच्या खेड्यात, कोंबडी घरात शिजत नाही. देवघर आणि स्वयंपाकघर यांची भिंत एक, म्हणून परसात पत्र्याखाली वेगळी चूल, वेगळी परात, वेगळं पातेलं आणि वेगळी सुरी. तिला मटणाची सुरी म्हणतात. ती घरात यायची नाही आणि घरातली तिकडे जायची नाही. शिजवायचं पुरुषांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भासऱ्यांनी, नवऱ्याच्या मोठ्या भावानं. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. आम्ही बायकांनी भाकरी तेवढ्या पोचवायच्या.

एवढं सोवळं पाळणाऱ्या माणसाला एक साधी गोष्ट सुचली नाही. कांदा-लिंबू मटणाबरोबर खायचं, म्हणून तेही मटणाच्याच सुरीनं चिरायचं. कच्ची कोंबडी कापली, सुरी फडक्याला पुसली, की लगेच कांदा. घराला विटाळ झाला नाही ना, मग झालं.

गेल्या वर्षी माझी लेक त्यात सापडली. काळ्या मसाल्याचा रस्सा तिला झेपत नाही, ती भाकरी आणि मीठ लावलेला कांदाच खाते. पोट बिघडलं, ताप चढला, मग रक्त पडायला लागलं. धुळ्याच्या दवाखान्यात सलाईन लावायला तिची शीर सापडत नव्हती आणि मी तिचे पाय दाबून धरले होते. डॉक्टरांनी काय-काय खाल्लं ते विचारलं आणि नानांच्या समोरच सांगितलं, कच्च्या कोंबडीचं पाणी कांद्याला लागलं असणार. रस्सा उकळतो, कांदा उकळत नाही. मोठ्यांचं एखादवेळी निभावतं, लहानांचं नाही. सुरी आणि हात साबणानं धुवा, कांदा वेगळ्या सुरीनं चिरा.

नानांनी मान हलवली. घरी येऊन भावकीत मात्र सांगितलं, "बठ्ठासनी तेच खादं, कोनले काही व्हयनं का? मायनीच बाहेरनं काहीतरी खावाडेल शे."

लेकीला मीच बाहेरचं काहीतरी खाऊ घातलं, हे मला चिकटलं. हळदीकुंकवाला गेले की बायका लेकीची तब्येत विचारत आणि माझ्याकडे बघत. भासऱ्यांसमोर सुनेनं तोंड उघडायचं नाही अशी रीत, म्हणून मी उघडलं नाही. पण मनात डूख धरला, आणि तो सोडायचा माझा विचारही नव्हता. परसात मी नवी सुरी आणि साबणाची वडी नेऊन ठेवली. नव्या सुरीनं नानांनी पोत्यांची सुतळी कापली.

यंदा त्यांच्या मुलाची सोयरीक जमली आणि मुलीकडचे जेवायला आले. नानांनी कोंबडी कापली, सुरी फडक्याला पुसली आणि कांद्याला लावली. मी दारातून बघत होते. तेव्हाच सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पंगत बसू दिली.

कांद्याचं ताट वाढायला निघालं तसं मी पुढे होऊन ते हातात घेतलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ताट नानांसमोर धरलं.

"नाना, आधी तुम्ही घ्या."

"मी मंग खासू."

"एकच फोड. सुरी तुमच्याच हातची आहे."

व्याही बघत होते. माझी लेक पोरांच्या रांगेत बसून बघत होती. नानांनी एक फोड उचलली, बोटांत धरली आणि परत ताटात ठेवली.

म्हणजे डॉक्टरांचं त्यांना त्याच दिवशी पटलं होतं. पटूनही त्यांनी ते वर्षभर माझ्या माथी राहू दिलं होतं.

मी ताट मोरीत पालथं केलं. मग व्याह्यांना सगळं सांगितलं, कोंबडी, सुरी, लेकीचं रक्त, काहीही न गाळता. बरं वाटलं, फार बरं वाटलं. नाना खाली बघत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे.