अदलाबदलीनंतरचं घर
स्टेशनजवळच्या बेकरीसमोरून जाताना दालचिनीचा वास आला आणि पोर्तुगालहून आम्ही परतलो ती दुपार आठवली. त्या सुट्टीत तिथल्या एका कुटुंबाशी आम्ही घरांची अदलाबदल केली होती. ते आमच्या भाईंदर पूर्वेच्या फ्लॅटमध्ये राहिले आणि आम्ही त्यांच्या समुद्राकाठच्या घरात. बाबांना हल्ली विसरायला होत होतंच, पण तिथे ते फारच गोंधळले. रोज संध्याकाळी चपला घालून दाराशी उभे राहायचे आणि "चल, घरी जाऊ" म्हणायचे. बायको मला धीर द्यायची, "अरे, आपल्या घरी गेले की होतील नीट." त्याच आशेवर मीही ती सुट्टी काढली. आम्ही पोचलो तेव्हा ते कुटुंब सकाळीच निघून गेलं होतं. घर लखलखीत होतं, आमच्यासाठी केलेला केक टेबलावर झाकून ठेवला होता आणि दालचिनीचा वास घरभर पसरला होता. बाबा उंबऱ्यातच थबकले. भिंतीवरचा आईचा फोटोही त्यांनी कुणा परक्या बाईचा असावा तसा पाहिला. मग सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले आणि हळूच मला म्हणाले, "इथली माणसं बाहेर गेलीत वाटतं. त्यांना विचारल्याशिवाय पंखा लावू नकोस." मी म्हणालो, "बाबा, हे आपलंच घर आहे हो." त्यांनी मान हलवली, पण ती फक्त माझं मन राखायला. बाबा अजून आमच्याकडेच आहेत. जेवण झालं की ते माझ्या बायकोला हात जोडून म्हणतात, "तुम्हाला फार त्रास दिला, आता निघतो."