गुलाबी बर्फ

काल लेकीनं पॅरिसच्या संग्रहालयातून एका चित्राचा फोटो पाठवला. बर्फात उभ्या गवताच्या गंजी. बर्फ मात्र पांढरा नाही, गुलाबी आणि निळसर.

चित्रकला शिकत होते तेव्हा हेच चित्र मासिकातून कापून मी इस्लामपूरला घरी आणलं होतं. फौजेतले माझे वडील, अण्णा, रजेवर आले होते. शेंगा फोडता फोडता आईनं वाकून बघितलं.

“गंजी शाकारली न्हाई व्हय कुणी? वैरण भिजंल की!”

अण्णा हसले. “आगं, बरफ हाय त्यो.”

आईचा हात थांबला. “तुमी अशात ऱ्हाताय?”

पत्रात त्यांनी कधी बर्फाचं नाव काढलं नव्हतं.

“ऊन पडलं की असाच गुलाबी दिसतोय. लय झ्याक.”

अण्णा परत गेल्यावर आईनं ते चित्र चुलीजवळच्या भिंतीला चिकटवलं. मी त्यात कुंचल्याचे फटकारे न्याहाळायचे. अंगणात ऊन आलं, की आई भाकरी थापता थापता चित्राकडं बघून म्हणायची, “तिकडंबी पडलं आसंल.” मला हसू यायचं.

काल फोटो बघून लेकीशी रंगांबद्दल खूप बोलायचं होतं. तोंडून पहिल्यांदा निघालं, “ऊन पडलंय का गं तिकडं?”