बाईंच्या टाळ्या

"आईच बोलंना, तर लेकरू कसं बोलल?" अंगणवाडीच्या दारात माझ्यामागे कुणीतरी कुजबुजलं. माझी तीन वर्षांची मुलगी अजून एक शब्द काढत नव्हती, आणि जळकोटला सून म्हणून आल्यापासून मीही मोजकंच बोलत होते.

"बोलल की तिच्या टायमाला. तुमाला काय घाई हाय?" अंगणवाडीच्या बाईंनी आतूनच सुनावलं.

बाईंचा आवाज मोठा, आणि टाळ्या त्याहून मोठ्या. कुणी खिचडी संपवली की टाळ्या, कुणी आपलं नाक आपण पुसलं तरी टाळ्या. हजेरीला लेकरांनी "मी हाय" म्हणायचं. माझ्या मुलीचं नाव आलं की बाई जरा थांबत, हसत आणि पुढचं नाव घेत.

काल मुलगी हळूच म्हणाली, "मी हाय."

दारातल्या बायका ओरडणार, तोच बाईंनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं. स्वतःचे हात पदराखाली घेतले आणि नेहमीसारखं हसून पुढचं नाव पुकारलं. सगळे वळून बघू लागले की आवाज कसा आत जातो, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

निघताना मी त्यांच्यापाशी थांबले.

"बाई, आज टाळ्या वाजवल्या नाहीत, ते लई बरं केलं."