शेंडे खुडणारी

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. आठवते ती तिची चिमूट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी नवीन लागले होते. वडनेरची ही बाई गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी किरणांचे शेक घ्यायला रोज यायची आणि नंबर लागेपर्यंत आमच्या व्हरांड्यात बसायची. बसल्या बसल्या माझ्या कुंडीतल्या शेवंतीचे कोवळे शेंडे खुडायची. एकदा मी चिडलेच.

"मावशी, रोप कशाला मोडता?"

"शेंडा नाई खुडला त कापसाची पऱ्हाटी नुसती वाढतच जाते वं पोरी, बोंडं धरत नाई. याचंबी तसंच."

माझा राग ओसरला. मी तिला सांगितलं, की आपल्या पेशींमध्येही वाढ आवरणारी जनुकं असतात. तुमच्या आजारात एक विषाणू आत शिरून त्यांचं काम बंद पाडतो. मग पेशी वाढतच सुटतात.

तिची चिमूट थांबली. "म्हंजे खुडनारी मेली नाई. वावरातच हाय, तिचे हात बांधून ठेवले."

इतकं सोपं मला कुणी शिकवलं नव्हतं.

"मंग सोड ना वं तिचे हात," ती म्हणाली, आणि नंबर पुकारला तशी पदर सावरत उठली.

शेक संपल्यावर ती पुन्हा दिसली नाही. त्या हिवाळ्यात शेवंती पानं झाकून टाकील इतकी फुलली. पुढे कितीतरी वर्षं मी तसल्याच पेशी काचेच्या बशीत वाढवत राहिले, ते हात सुटतात का बघत. केस पिकले, अजून पुरतं जमलेलं नाही. श्रावणात शेवंतीचे शेंडे खुडायला बसले, की मात्र मागून कुणी म्हणतं, "सोड ना वं."