रॉयलची डेमी

पुस्तकं बांधून देणारे जिल्दवाले काका माणसंही पुस्तकांच्या मापात सांगत. पोस्टमास्तर फुलस्केप, त्यांची ठेंगणी बायको क्राउन, आणि मी गुटका, खिशात मावणारी पोथी. "लहान, आन् सदा मिटल्याली," ते माझ्या आईला म्हणायचे. मला राग येई, पण ते खोटं नव्हतं. परभणीच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला जिंतूरला आले की मी त्यांच्या दुकानात जाऊन बसे. तिथे बोलावं लागत नसे.

खांद्यावरचा रुमाल ते तीनदा दुमडून दाखवत. "झाली आठ पानं. अष्टपत्री. कागद रॉयल तर पुस्तक रॉयल, डेमी तर डेमी." कुरतडलेलं, भिजलेलं पुस्तक आलं की खराब कडा कापून ते एक माप खाली आणत, रॉयलची डेमी, डेमीची क्राउन. कापलेल्या पट्ट्या खळ शिजवायच्या शेगडीत जात. "पुस्तकाचं दुखणं काढलं," म्हणत.

नामांतराच्या दंगलीनंतर जिंतूरच्या शाळेतल्या एक बाई ग्रंथ घेऊन आल्या. त्यांच्या गावी बौद्धांची घरं जाळली होती, आणि बाईंच्या घरातून वडिलांचा हा एवढा एकच ग्रंथ हाती लागला होता. रॉयल आकाराचा, तिन्ही कडा काळ्या पडलेला. "पानं सुटायलीत. नीट बांधून द्या, पोरांना दाखवायचाय," बाई म्हणाल्या. काकांनी मान वर केली नाही. त्याच गावच्या वरच्या आळीत काकांची सासुरवाडी होती.

त्या कामाला त्यांनी सगळा जीव लावला. लाल कापडी जिल्द, मजबूत शिलाई, पांढऱ्याशुभ्र कडा. मला विचारलं, कसं झालंय? मी सहसा बोलत नसे, त्या दिवशी बोलले. "अगदी नव्यासारखं." काकांचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला.

न्यायला आलेल्या बाईंनी कडेवरून बोट फिरवलं. "जळकं कुठंय?"

"कापलं की, बाई. डेमी झालं जरा, पण डाग न्हाई ऱ्हायला."

शेगडीवर खळ रटरटत होती. बाईंचं लक्ष तिकडे गेलं, मग परत पुस्तकाकडे.

"आता पोरांना काय दाखवू, काका? कुणी काही केलंच न्हाई, असं दिसायलंय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पुस्तक पदराखाली घेऊन त्या गेल्या. खळ करपल्याचा वास आला तरी काका उठले नाहीत. शेवटी मीच भांडं उतरवलं.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच पुस्तकाच्या कडा कापल्या नाहीत. गिऱ्हाइकं कुरकुरत, काही दुसरीकडे गेली. बाईंच्या गल्लीत ते मला एकदा दिसले. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले. मी ओळख न दाखवता पुढे गेले.

कॉलेजला जाताना माझी सगळी पुस्तकं एका उंचीची करून मागितली, तर त्यांनी फक्त शिवून दिली. "उंच हाय ते उंच ऱ्हाऊ दे, माय."

काका जाऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या फळीवर पुस्तकं खालीवर उभी आहेत. त्या दिवशी 'नव्यासारखं' मी म्हणाले होते. त्याची त्यांनी मला कधी आठवण करून दिली नाही.