धुतलेलं पॅनेल

आमच्या कॉलेजात उन्हाळी संशोधन शिबिराचा निष्कर्ष आधी छापून येतो, मुलं नंतर येतात. त्या मे महिन्यातही पोस्टर तयार होतं: 'पॅनेल रोज धुवा, वीज वाढवा.' खाली चढत गेलेला हिरवा आलेख. तो मीच काढला होता, एसीत बसून, गच्चीवर पाय न ठेवता. मी ऊर्जा अभियांत्रिकी शिकवतो, त्यामुळे ती करायला मला वेळ मिळत नाही.

बारावीची परीक्षा दिलेली वीस मुलं आली. त्यांना टोप्या वाटल्या, फोटो काढले, 'तुम्ही उद्याचे शास्त्रज्ञ' असं सांगितलं आणि गच्चीवर पिटाळलं. तिथं दोन सौर पॅनेल होती. एक रोज धुवायचं, दुसरं धुळीत तसंच ठेवायचं आणि दोन्हींची वीज मोजायची. प्रयोग इतका सोपा होता, की चुकायला फक्त प्राध्यापकच हवा होता.

त्यात सिल्लोडची एक मुलगी होती. तिच्या वडिलांचा मक्याचा व्यापार. समारोपाला येऊन बघतो, पटलं तर इंजिनिअरिंग, नाहीतर गावातच बी.ए., असं त्यांनी तिला बजावून पाठवलं होतं. ती रोज सगळ्यांच्या आधी गच्चीवर हजर असायची.

तिसऱ्या आठवड्यात ती वही घेऊन आली. धुतलेलं पॅनेल धुळकटापेक्षा कमी वीज देत होतं.

"मीटर चुकीचं वाचतेस," मी वही न उघडताच म्हणालो.

"नाय सर, तीनदा बघितलं. बादलीत बोअरचं पाणी हाय. आमच्या कूलरच्या गवतावर पण असाच पांढरा थर बसतो."

वर जाऊन पाहिलं. काचेवर क्षारांचा थर, नखानं खरवडावा एवढा. माझ्या घरचा कूलर दर उन्हाळ्यात असाच पांढरा पडतो, आणि दर उन्हाळ्यात मी बायकोला त्यावरून बोलतो. मला मनापासून लाज वाटली. ती लाज जिना उतरेपर्यंत टिकली. खाली पोस्टर होतं आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते.

"बेटा, आकडे पोस्टरप्रमाणे लिही. खरं संशोधन कॉलेजात आल्यावर करू."

समारोपाला तिनं माझे आकडे न अडखळता म्हणून दाखवले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, ढाल दिली. तिचे वडील माझा हात सोडेनात.

"सर, पोरगी लई भारी बोलली. आता तुमच्याच कॉलेजात टाकतो."

"पप्पा, मला नाय यायचं इथं," ती म्हणाली.

"अगं, तुझाच हट्ट होता ना? काय झालं?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मी सांगेन म्हणून.

"उन्हानं दमलीय ती," मी म्हणालो.

वडिलांनी दोन दिवस समजावून पाहिलं म्हणे. आता ती गावातच बी.ए. करते.