काकूंची मच्छरजाळी आणि माझा एक्सेल

आज मुलुंडच्या एका सोसायटीत रीडेव्हलपमेंटची मीटिंग होती. सगळी ड्रॉइंग फायनल, आणि सेक्रेटरी काकू म्हणतात, "सगळ्या खिडक्यांना मच्छरजाळी हवी!"

आमचे आर्किटेक्ट सर माझ्या कानात पुटपुटले, "वाट लागली. ड्रॉइंगच्या प्रत्येक शीटवरचा खिडक्यांचा तक्ता बदलावा लागणार. उद्या देतो म्हणून सांग."

पण यार, या वेळी मी खिडक्यांचे सगळे तक्ते एक्सेलच्या एकाच फाइलला जोडून ठेवले होते! तिथे जाळी टाकली, सेव्ह केलं, ड्रॉइंगमध्ये अपडेट दाबलं. सगळ्या शीट एकदम बदलल्या. काकूंचा चहासुद्धा संपला नव्हता. सर बघतच राहिले. झकास!

तेवढ्यात काकू मागे बसलेल्या सभासदांकडे वळून ओरडल्या, "अहो, हिच्याकडे लगेच होतं! कोणाला काय बदलायचंय ते आत्ताच सांगा!"

खरं सांगा, क्लायंटसमोर इतकं पटकन काम करायचं असतं का?